सावित्रीचं पाणी कोण मोजत होतं?

(पोस्ट लांब आहे. पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून महाड-पोलादपूरकरांनी वेळ काढून वाचावी.)

महाडात जुलै-ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजताही एक प्रश्न हमखास विचारला जातो. "पाणी कुठंवर आलंय?"

उत्तर आकड्यात कधीच येत नाही. "भोईघाटाच्या पायऱ्या गेल्या." "सुकट गल्लीत शिरलं." "बाजारपेठेत गुडघाभर आहे, दुकानं खाली करा." बाहेरच्या माणसाला यातलं काही कळणार नाही, पण आपल्याला बरोबर कळतं. सुकट गल्लीनंतर पाणी कुठं जाणार आणि कोणी कोणता माल कोणत्या फळीवर चढवायचा, हे इथल्या व्यापाऱ्याच्या पोरालाही पाठ असतं.

दुसरीकडे सरकारी आकडा आहे. रायगड जिल्ह्याच्या पूर नियंत्रण कक्षाच्या तक्त्यात सावित्री नदी, महाड, यापुढे लिहिलेलं असतं: इशारा पातळी ६.०० मीटर, धोका पातळी ६.५० मीटर. दोन्हीत अंतर अर्ध्या मीटरचं, म्हणजे दीड फुटाहून थोडं जास्त. वीसेक वर्षं मी बातमीत हेच लिहीत आलोय, "सावित्रीने धोक्याची पातळी ओलांडली." हा आकडा कुठून मोजतात, शून्य कुठे धरलंय, हे बरीच वर्षं मी स्वतःला विचारलंच नव्हतं. पत्रकारितेच्या पदविकेत तेवढं शिकवत नाहीत, आणि डेस्कला फक्त "ओलांडली की नाही" एवढंच हवं असतं.

त्याच तक्त्यात जरा वर-खाली बघा. अंबा नदी, नागोठणे: धोका ९.०० मीटर. कुंडलिका, डोलवहाळ: २३.९५. उल्हास, कर्जत: ४८.७७. म्हणजे कर्जतला उल्हास नदी अठ्ठेचाळीस मीटर खोल आहे का? अजिबात नाही. प्रत्येक ठिकाणी पट्टीचं शून्य वेगळं धरलेलं असतं, त्यामुळे हे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. सहा मीटर म्हणजे सहा मीटर खोल पाणी असंही नाही. त्या पट्टीच्या शून्यापासून सहा मीटर वर, एवढाच त्याचा अर्थ.

हे कळल्यावर मी जरा मागे जायचं ठरवलं. आपल्या नदीचं पाणी कोण, कधीपासून आणि कशासाठी मोजत होतं? हाती आलं ते तुमच्यापुढे मांडतो.

महाड हे मुळात बंदर. आज कोणाला सांगितलं तर हसतील, पण पाल्याजवळची गांधारपाल्याची लेणी उगाच नाही खोदली कोणी. दीड-पावणेदोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात एवढी लेणी कोरायची तर गावात पैसा लागतो, आणि पैसा व्यापारातून येतो. खाली बाणकोटला सावित्री समुद्राला मिळते. तिथून भरतीचं पाणी खाडीतून वर चढत महाडपर्यंत येतं. त्या पाण्यावर स्वार होऊन पडाव-मचवे यायचे, इथे माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जायचा. १७५६ मध्ये बाणकोट इंग्रजांकडे गेलं, त्यांनी किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं, तेही ह्या खाडीचं तोंड हातात असावं म्हणूनच.

आता विचार करा. भरलेला मचवा घेऊन खाडीतून वर येणाऱ्या तांडेलाला पाण्याची खोली माहीत नसेल तर चालेल का? मचवा गाळात रुतला की पुढच्या भरतीपर्यंत बसा. म्हणून बांबू तळाला टेकवत टेकवत यायचं. कोणत्या वळणावर वाळू साचली, कोणत्या खडकापासून लांब राहायचं, यंदाच्या पावसाने पात्र कुठे सरकलं, हे सगळं त्याच्या डोक्यात. आणि भरती किती वाजता, हे काढायला घड्याळ-कोष्टकाची गरज नव्हती. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीला सहा वाजता. एक भरती दिवसा, दुसरी साधारण साडेबारा तासांनी. हा हिशोब समुद्राच्या तोंडाशी लागू. महाडपर्यंत ती भरती खाडीतून सरकत यायला आणखी वेळ लागतो, तो ज्याचा त्याने अनुभवाने धरायचा.

हे जलमापनच होतं. वहीत नव्हतं, डोक्यात होतं, आणि रोज होत होतं, कारण त्यावर पोट होतं.

या जलमार्गाची एक नोंद तर देशाच्या इतिहासात आहे. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पुन्हा डिसेंबरमध्ये परिषद ठरली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, २५ डिसेंबरला दासगाव बंदरात उतरले आणि तिथून आपल्या लोकांसोबत चालत महाडला आले. त्याच दिवशी मनुस्मृतीचं दहन झालं. आपण तो प्रसंग तळ्याच्या पाण्यासाठी लक्षात ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण नदीच्या बाजूनेही त्याकडे बघा. १९२७ साली दासगावपर्यंत प्रवासी बोट येण्याइतकं पाणी सावित्रीच्या खाडीत होतं, आणि ते आहे याची खात्री असणारी माणसं बोटीवर होती.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, महाडच्या वरच्या अंगाला सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला.

इथून गोष्ट बदलली असं माझं म्हणणं आहे. पूल झाला, रस्ता झाला, मोटारी आल्या. हळूहळू माल खाडीतून यायचा बंद झाला. तांडेलाच्या पोराने ट्रकचं स्टिअरिंग धरलं. त्याबद्दल तक्रार नाही, रस्ता हवाच होता. पण सावित्री किती खोल आहे हे रोज माहीत असण्याची गरज असलेला शेवटचा माणूसही नदीवरून उठला. पुढे गाळ साचत गेला, पात्रात बेटं झाली, त्यांवर झाडं उगवली. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत झालं, पण किती झालं हे कोणी मोजलं नाही, कारण कोणाचंच त्यावाचून अडत नव्हतं.

पाणी कोण मोजतो? ज्याचं त्यावाचून अडतं तो. इजिप्तमध्ये कैरोजवळ रोडा बेटावर इसवी सन ८६१ मध्ये बांधलेला नाईल नदीचा मापस्तंभ आजही उभा आहे. विहिरीसारखं बांधकाम, मधे खांब, खांबावर खुणा. पाणी कोणत्या खुणेपर्यंत चढलं त्यावरून पीक किती येणार याचा अंदाज आणि त्यावरून शेतसारा. राजाला कर हवा होता, म्हणून नाईल मोजली गेली.

आपल्याकडे पाऊस व्यवस्थित मोजला जातो. तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक इंग्रजांच्या काळापासून, आणि आता 'महावेध'मधून महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं. का? कारण मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, आणि त्यावर पंचनामा, भरपाई, विमा अवलंबून. पावसाच्या आकड्यामागे पैसा आहे, म्हणून पावसाचा आकडा आहे. ओढ्याच्या, वहाळाच्या पाण्यावर कोणाची भरपाई ठरत नाही. म्हणून वहाळावर पट्टी नाही.

देशपातळीवरही असंच. केंद्रीय जल आयोगाने पुराचा पहिला शास्त्रीय अंदाज द्यायला सुरुवात केली ती १९५८ मध्ये, यमुनेवर, दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलाजवळ. राजधानीचं अडलं होतं.

आणि सांगली बघा. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, आपल्या सावित्री पुलाहून एका वर्षाने धाकटा. सांगलीकर पावसाळ्यात तो पूल आकड्यांत वाचतात. इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. चहाच्या टपरीवर बसलेला माणूस सांगतो, "आयर्विनला अडतीस झालं." २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा २००५ पेक्षा किती जास्त, हे घरोघरी माहीत होतं. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ फूट तसेच पाठ. तिकडे पूल हाच गावाचा मापस्तंभ झाला. आपला पूल नुसताच ओलांडायचा पूल राहिला.

आता आपल्या तीन तारखा.

२५ जुलै २००५. महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या, शंभराहून अधिक माणसं गेली. महाड पाण्यात. दुसऱ्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळ्या देशाचं लक्ष तिकडे वळलं. तेव्हा मी नवखा होतो. पाण्याच्या खुणा बघून एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. कोणाच्या ओट्यावर किती, कोणत्या देवळाच्या कितव्या पायरीला, किती वाजता.

२ ऑगस्ट २०१६. रात्री अकराच्या सुमारास तो १९२८ चा पूल सावित्रीने नेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली ह्या दोन एसटी, एक तवेरा गाडी, चाळीसच्या आसपास माणसं. दिवे पुलावर येतायत आणि पुढे दिसत नाहीत, हे जवळच्या गॅरेजमधल्या माणसाच्या लक्षात आलं आणि त्यांनी पुढच्या गाड्या थांबवल्या. नाहीतर आकडा आणखी वाढला असता. नदीत लोहचुंबक सोडून बस शोधाव्या लागल्या. पहिली बस मिळायला आठवडा उलटला. काही मृतदेह खाडीतून वाहत पार समुद्रापर्यंत गेले. मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य होता, असं सरकारकडून नंतर सांगण्यात आलं. महाबळेश्वरच्या पावसाने पाण्याचा लोंढा आला, असंही सांगितलं गेलं. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, ५ जून २०१७ ला खुला झाला. काम खरंच कौतुकाचं झालं.

पण मला अजून एक गोष्ट छळते. त्या रात्री पुलाच्या खांबांपाशी पाणी किती वेगाने वाहत होतं? तासाभरात किती चढलं? तपासणी दगडांची झाली होती. पाण्याकडे त्या रात्री कोण बघत होतं? पुलाशी एक पट्टी आणि तिच्याशी कंदील घेऊन बसलेला एक माणूस असता, तर "फार चढतंय, गाड्या थांबवा" एवढं तरी तो म्हणाला असता. गॅरेजमधल्या माणसांनी पूल गेल्यावर जे केलं, ते कोणीतरी आधी केलं असतं.

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर. तळियेवर दरड कोसळली, ऐंशीच्या वर माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. महाडात पहिले मजले बुडाले. वीज गेली, फोन गेले, रस्ते तुटले.

त्या दिवशी मी घरच्यांसह माडीवर होतो. फोन बंद म्हटल्यावर पत्रकार काय करणार? चुलीचा कोळसा घेतला आणि जिन्याच्या भिंतीवर तासातासाला पाण्याची रेघ मारत बसलो. शेजारच्या माडीवरचे काका ओरडून विचारायचे, "काय म्हणतंय?" मी सांगायचो, "मागच्या तासाला एक पायरी चढलं, आता अर्धीच." तो "अर्धीच" ऐकून पलीकडे म्हातारी माणसं जरा टेकायची. नाव-गाव नसलेल्या कोळशाच्या रेघेने माणसाला किती धीर येतो हे मी तेव्हा पाहिलं. पाणी थांबलंय की अजून चढतंय, एवढंच त्या वेळी माणसाला हवं असतं.

पाणी ओसरल्यावर खाली उतरलो. तळमजल्यावरच्या कपाटात कात्रणं होती आणि २००५ ची ती वही. दोन्हीचा लगदा झाला होता. २००५ च्या पुराची माझी नोंद २०२१ च्या पुराने नेली. चूक माझीच. वही खालच्या मजल्यावर ठेवायची नव्हती.

नंतर मी जुन्या पातळ्यांच्या शोधात एका कार्यालयात गेलो. नाव घेत नाही, तिथल्या माणसांचा दोष नाही. त्यांचंही दप्तर भिजलेलं. त्यांनीच मला विचारलं, "तुमच्याकडे काही आहे का?"

एक हिशोब घरी बसून केला, जुनी दिनदर्शिका काढून. तीन पुरांच्या तिथी बघितल्या. २०१६ ची २ ऑगस्ट म्हणजे आषाढी अमावस्या. पाऊणपटीच्या हिशोबाने बाणकोटच्या तोंडाशी रात्रीची भरती मध्यरात्रीच्या आगेमागे. २०२१ ची २२ जुलै, पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाण जवळ आलेलं. पण २००५ ची २५ जुलै? पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते, उधाण उतरणीला. तरी महाड बुडालंच. म्हणजे "अमावस्येला पूर येतो, भरतीने पाणी अडतं" हे आपलं नेहमीचं बोलणं तीनपैकी दोनदा जमतं, तिसऱ्यांदा नाही. भरती हे एक कारण, सगळं कारण नाही. आणि २०१६ चा पूल भरतीने पडला असा अर्थ कृपया काढू नका, मी तसं म्हणत नाही. मी एवढंच म्हणतोय की भरतीचा वाटा किती आणि डोंगराच्या पाण्याचा किती, हे तिथीवरून कळत नाही. त्याला मोजलेला आकडा लागतो.

आणि इथेच महाडच्या त्या ६.५० ची मर्यादा कळते. पातळी आणि प्रवाह ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळी म्हणजे पाणी किती उंच आहे. प्रवाह म्हणजे एका सेकंदाला किती पाणी पुढे जातंय. भरती भरलेली असताना महाडला पाणी उंच असेल पण जवळजवळ उभं असेल. ओहोटी लागल्यावर तेवढ्याच उंचीचं पाणी धडाधड वाहत असेल. पट्टीवर आकडा तोच. आयर्लंडचे अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये जे सूत्र मांडलं, त्यातही हेच आहे. प्रवाह नुसत्या खोलीवर ठरत नाही, उतार किती आणि पात्र किती खडबडीत, झाडझाडोऱ्याचं, यावरही ठरतो.

म्हणून नदीची पट्टी खरी उपयोगी पडते ती तिथे वर्षानुवर्षं प्रवाहही मोजला असेल तर. वेगवेगळ्या पातळीला वेग मोजायचा, कागदावर टिंबं मांडायची, त्यांतून एक रेघ काढायची. मग पुढे नुसती पातळी वाचली की प्रवाह कळतो. पण पात्र बदललं की ती रेघ खोटी ठरते. २०२१ नंतर सावित्रीतला गाळ आणि बेटं काढायला सुरुवात झाली, महाडकरांनी त्यासाठी आवाज उठवला होता. चांगली गोष्ट. पण गाळ काढल्याने फायदा किती झाला, हे सांगायला आधीचा आणि नंतरचा प्रवाह लागतो. नाहीतर पुढचा चांगला पाऊस झाल्यावर एक गट म्हणणार गाळ काढला म्हणून वाचलो, दुसरा म्हणणार पाऊसच कमी होता. वाद चहाबरोबर चालू राहणार.

दुसरी गोष्ट. महाडची पट्टी वाचेपर्यंत पाणी महाडात आलेलं असतं. ते येतं कुठून? महाबळेश्वरच्या कड्यावरून सावित्री उतरते, पोलादपुरात तिला ढवळी, कामथी, चोळई यांचं पाणी मिळतं, महाडच्या वर काळ नदी मिळते, महाडला गांधारी. काळ आणि गांधारी दोन्ही रायगडाच्या अंगाखांद्यावरून येणाऱ्या. आणि ह्या प्रत्येकीला शेकडो वहाळ, पऱ्ये. नाव नसलेले.

एका साध्या वहाळाचा हिशोब करून बघा. त्याला पाणी देणारा डोंगराचा उतार फक्त एक चौरस किलोमीटर धरा. त्यावर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर सेकंदाला जवळपास २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर पाणी त्या वहाळातून खाली येणार. एरवी आपण उडी मारून ओलांडतो तो वहाळ. आणि असे शेकडो एकाच वेळी.

तर मग करायचं काय? मोठं काम सरकारचं आहे. पोलादपूरच्या वर, काळ आणि गांधारीवर, भरतीचं पाणी पोचत नाही अशा जागी पातळी आणि प्रवाह दोन्ही मोजले गेले पाहिजेत, आणि ते आकडे त्याच तासाला लोकांना दिसले पाहिजेत. ही मागणी आपण प्रत्येक ग्रामसभेत, प्रत्येक आढावा बैठकीत मांडली पाहिजे.

पण आपल्या हातात काहीच नाही असंही नाही. तुमच्या वाडीजवळच्या वहाळावर एखादी मोरी किंवा साकव असेलच. त्याच्या काँक्रीटच्या भिंतीवर तेलरंगाने सेंटिमीटरच्या रेघा मारा. तळाला न हलणारा दगड असेल तिथे शून्य धरा, आणि ते शून्य कुठे आहे हे वहीत चित्र काढून ठेवा, म्हणजे रंग गेला तरी दुसऱ्याला सापडेल. रोज सकाळी आठला एक आकडा, आणि जोराचा पाऊस लागला की तासाला एक. काठावरून किंवा साकवावरूनच वाचायचा, पाण्यात पाय घालायचा नाही. अंधारात बॅटरी मारून दुरून दिसला तर ठीक, नाहीतर सोडून द्या. आकड्यासाठी जीव धोक्यात घालू नका.

प्रवाह मोजायचा असेल तर पाणी शांत असताना, गौरी-गणपतीनंतर. सरळ वाहणारा दहा मीटरचा तुकडा बघा. वरून अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली सोडा, खाली पोचायला किती सेकंद लागले ते मोजा. तीन-चार वेळा करून सरासरी काढा. समजा वीस सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं, म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं, आले ०.४२५. वहाळाची रुंदी चार मीटर आणि चार-पाच ठिकाणी काठी बुडवून काढलेली सरासरी खोली तीस सेंटिमीटर असेल, तर ४ गुणिले ०.३ म्हणजे १.२ चौरस मीटर. दोन्हींचा गुणाकार ०.५१ घनमीटर, म्हणजे सेकंदाला पाचशे लिटर. छतावरची हजार लिटरची टाकी दोन सेकंदांत भरेल एवढं पाणी. सातवी-आठवीच्या पोरांना हा गणिताचा तास नक्की आवडेल.

हे सगळं मोठ्या पुराचा अंदाज द्यायला पुरेसं नाही, याची मला कल्पना आहे. पण पाच वर्षं एका वहाळाची वही भरली, तर त्या वाडीला कळेल की आपल्याकडे पाणी चढायला लागलं की किती वेळात खालच्या वाडीत पोचतं. दहा वाड्यांच्या वह्या एकत्र आल्या तर खालच्या महाडला एक-दोन तास मिळतील. एक-दोन तासांत दुकानदार माल चढवतो, म्हातारी माणसं माडीवर जातात, कोणीतरी पुलाच्या तोंडाशी उभं राहून हात दाखवतं. २०१६ च्या त्या रात्री पाच मिनिटंही मिळाली नव्हती.

शेवटची एक विनंती. २००५ च्या, २०२१ च्या किंवा त्याआधीच्या कोणत्याही पुराची खूण तुमच्या घराच्या भिंतीवर, दुकानाच्या फळीवर, देवळाच्या खांबावर असेल, तर रंगकाम करताना ती पुसू नका. जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा, फोटो काढा, तारीख आणि वेळ आठवत असेल तर लिहा, आणि मला कळवा. मी नवी वही केली आहे.

ह्या वेळी ती माडीवर ठेवली आहे.